क्रमांक दोनशेची कवळी

गावचं संग्रहालय म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एक करकरणारा जिना आणि भाऊ. या तिन्हींतलं एक जरी काढलं तरी बाकीचं कोसळेल, असं भाऊंचं प्रामाणिक मत होतं. चौदा वर्षं त्यांनी तिथलं कुलूप उघडलं, धूळ झटकली, पाट्या लिहिल्या आणि संध्याकाळी पुन्हा कुलूप लावलं. त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही यावं अशी त्यांची इच्छाही नव्हती.

वस्तू म्हणाल तर एकापेक्षा एक. एक भलंमोठं कुलूप होतं, ज्याची किल्ली हरवली होती. शेजारी एक भलीमोठी किल्ली होती, जी त्या कुलपाला लागत नव्हती. येणारा प्रत्येक जण एकदा लावून बघायचा आणि हिरमुसून पुढे जायचा. जुन्या पुलाची एक वीट होती. त्याच पुलाची दुसरी वीट होती, तिला वेगळा क्रमांक. एक न्हाव्याची मागे रेलणारी खुर्ची होती. आणखी एक साधी खुर्ची होती, तिच्यावर पाटी: 'या खुर्चीवर राज्यपाल बसणार होते.' का बसले नाहीत ते लिहिलेलं नव्हतं, कारण कुणाची उणीदुणी काढणं भाऊंच्या स्वभावात नव्हतं. पाट्या सगळ्या त्यांच्या हातच्या, मोत्यासारख्या अक्षरातल्या. वस्तू जितकी किरकोळ तितकी पाटी मोठी, एवढा एकच नियम ते कसोशीनं पाळत.

या सगळ्याला 'भंगाराचं दुकान' म्हणणारा गावात एकच माणूस होता, आणि तो नेमका भाऊंच्याच घरात राहत होता. ते त्यांचे सासरे. सासरेबुवांनी चाळीस वर्षं कोर्टात बेलीफ म्हणून काढली होती. लोकांच्या घरी जायचं, कपाट, पलंग, घड्याळ जे असेल त्याची यादी करायची, लाखेचं सील मारायचं आणि पाण्याचा घोटही न घेता परतायचं. चाळीस वर्षांत एकही खोटी ओळ लिहिली नाही, हा त्यांचा अभिमान होता, आणि तो रास्तही होता. नोकरी सुटली तरी स्वभावातला बेलीफ काही निवृत्त झाला नाही. एकुलत्या एका मुलीनं विटा मांडून बसणाऱ्या माणसाशी लग्न केलं, हे त्यांच्या मनात कायमचं नोंदलं गेलं होतं. जावयाशी ते थेट बोलत नसत. समोरासमोर जेवायला बसले तरी मुलीकडे वळून म्हणत, "तुझ्या नवऱ्याला सांग, मीठ इकडे दे म्हणावं."

तरीपण दुपारचं जेवण झालं की स्वारी संग्रहालयात हजर. कारण गावातला सगळ्यात चांगला पंखा तिथे होता आणि न्हाव्याची खुर्ची मागे रेलायची. खुर्चीत बसायचं, तोंडातली कवळी काढायची, खिडकीच्या फळीवर ठेवायची आणि तासभर घोरायचं. भंगाराच्या दुकानात झोप मात्र गाढ लागे.

संकट आलं ते घुबडापायी. जिल्ह्याचा नियम असा, की दोनशे वस्तू असतील तरच ते संग्रहालय. एकशे नव्याण्णव असल्या तर ती नुसती अडगळ. तिला कुलूप ठोकायचं आणि माल जिल्ह्याच्या गोदामात पाठवायचा. भाऊंकडे मोजून दोनशे वस्तू होत्या, आणि दोनशेवी वस्तू म्हणजे काचेच्या पेटीतलं पेंढा भरलेलं घुबड. तपासणीला आठ दिवस उरले असताना भाऊंनी पेटीचं झाकण उघडलं आणि घुबडावरची धूळ उडवायला फुंकर मारली, तर घुबडच उडालं. कसर लागून आतून त्याचं पीठ झालं होतं. ज्या फांदीवर ते बसवलं होतं आणि जिच्यावर 'घुबड' असं रंगवलं होतं, तीही भुगा होऊन पडली. भाऊंनी जड मनानं सगळं केरसुणीनं गोळा केलं. पेटी रिकामी राहिली, आणि पेटीपुढची माहितीची पाटी तेवढी जागच्या जागी उभी राहिली.

भाऊ हातपाय गाळून बसणारे नव्हते. गावातल्या शिंप्याकडे कोळशाची जुनी इस्त्री होती, ती त्यांनी मागितली. शिंपी म्हणाला, "खुशाल न्या, भाऊ. फक्त सकाळी नको, सकाळी मला लागते ती." तपासणी दुपारी चारला होती. दोन वाजता जायचं, इस्त्री आणायची, पेटीत ठेवायची, नवी पाटी लिहायची, असा बेत ठरला. त्या दिवशी सकाळी भाऊंनी खोल्या धुऊन काढल्या आणि हौसेनं खिडकीच्या फळीला रंगही दिला. तो रंग दिला नसता तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

सासरेबुवा नेहमीसारखे आले. कवळी काढली, फळीकडे हात नेला, तर बोटाला हिरवा रंग. त्यांनी बोट राज्यपालांच्या खुर्चीला पुसलं आणि कवळीसाठी स्वच्छ जागा शोधू लागले. कोपऱ्यात एक पेटी दिसली. काचेची, आतून पुसलेली, वर झाकणसुद्धा. कवळी त्यांनी आत ठेवली, माशी बसू नये म्हणून झाकण लावलं आणि खुर्चीत जाऊन डोळे मिटले.

जिल्ह्याच्या तपासनीसबाई कामाला चोख होत्या. त्यांच्यात दोष म्हणावा तर एकच. त्या कुठेही वेळेच्या दोन तास आधी पोचत. भाऊ तापलेली इस्त्री फडक्यात गुंडाळून धापा टाकत जिना चढून आले, तेव्हा बाई पेटीभोवती दोरा बांधून त्याच्यावर पेटत्या काडीनं लाख ठिबकवत होत्या.

"शेवटच्या वस्तूला सील लावावं लागतं," बाई मान वर न करता म्हणाल्या. "म्हणजे मागाहून कुणी भर घालू नये. नोंद बंद केली मी. बरोबर दोनशे."

भाऊंनी पेटीत पाहिलं. आत सासरेबुवांची कवळी होती, वरची आणि खालची, कुणीतरी विनोद सांगितल्यासारखी हसत. आणि तिच्यापुढे भाऊंच्याच मोत्यासारख्या अक्षरात पाटी होती: 'क्र. २००. जुन्या पाण्याच्या टाकीमागे सापडले. दिवसा स्वस्थ, रात्री जागे. मुख्य आहार: उंदीर व बेडूक.'

"खरं सांगू?" बाई म्हणाल्या. "एकशे नव्याण्णवपर्यंत मोजलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. म्हटलं, आजच कुलूप लावावं लागणार. मग ही पेटी दिसली. पण हे उंदीर आणि बेडूक काय आहे?"

भाऊंनी तोंड उघडलं होतं ते खरं सांगायलाच. पण डोळ्यांपुढे गोदाम उभं राहिलं, त्यात दोन्ही विटा एकमेकींपासून लांब फेकलेल्या, आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"दुष्काळ पडला होता, बाई. लोक मिळेल ते खायचे."

"आणि रात्री जागे?"

"उंदीर रात्रीच बाहेर पडतात ना."

बाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. "दुष्काळातल्या आहाराचा असा पुरावा मी कुठे पाहिला नाही," त्या हळहळून म्हणाल्या आणि तसं लिहूनही घेतलं. मग त्यांचं लक्ष न्हाव्याच्या खुर्चीकडे गेलं. सासरेबुवांचं तोंड सताड उघडं होतं आणि घोरणं रंगात आलं होतं. "हे मोजायचे राहिले का?"

"ते पाहुणे आहेत," भाऊ म्हणाले. "नेहमीचे."

बाई गेल्या, आणि तासाभरानं सासरेबुवा उठले. पेटीपाशी गेले. दोरा पाहिला, लाख पाहिली, वाकून मोहोर वाचली. भाऊंनी घाम पुसत सगळी हकीकत सांगितली आणि म्हणाले, "बाबा, तोडतो मी सील. काय व्हायचं ते होऊ दे." सासरेबुवांनी असा काही हात वर केला, की भाऊ दोन पावलं मागे सरले. सरकारी सील तोडणं म्हणजे त्यांच्या लेखी खुनाच्या खालोखालचा गुन्हा. दात चार बोटांवर, मधे फक्त काच, धनी समोर उभा, आणि हात लावायची सोय नाही. सासरेबुवा तसेच घरी गेले.

घरी भाऊंच्या बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "म्हणजे तुम्ही माझ्या बाबांचे दात सरकारजमा केलेत?"

"मी नाही केले. झाले."

"बरं. मग बाबांना जे गिळता येईल तेच आता या घरात शिजेल." आणि तिनं शब्द पाळला. तीन आठवडे त्या घरात दाताला काही लागलं नाही आणि जिभेला चव.

नवी कवळी करून घ्यावी हे भाऊंनी सुचवून पाहिलं. सासरेबुवांनी शाळेच्या पाटीवर खडूनं लिहून उत्तर दिलं: 'ज्याचे दात शाबूत आहेत त्याने नवे का करावेत?' ते आता बरंचसं लिहूनच बोलत, कारण दातांशिवाय त्यांचे त, द, स हवेत विरून जात. 'तुझ्या नवऱ्याला सांग' हे लाडकं वाक्य तर पार बाद झालं. नाइलाजानं ते आयुष्यात पहिल्यांदा जावयाशी थेट बोलू लागले, आणि 'गाढव' व 'माकड' हे दोन्ही शब्द दातांवाचूनही अगदी स्वच्छ उमटत होते.

चौथ्या दिवशी त्यांनी जिल्ह्याला अर्ज पाठवला. तीन पानं, समास सोडून. 'एक नग कवळी, वरची व खालची मिळून, वापरलेली, गुलाबी हिरड्यांसह, अर्जदाराच्या मालकीची असून ती चुकीने संग्रहालयात जमा झाली आहे. सदर कवळी अर्जदाराच्या तोंडात बसवून खात्री करून घ्यावी.' अर्ज टपालात टाकला आणि नियमाप्रमाणे एक प्रत माहितीसाठी भाऊंच्या हातात दिली. भाऊंनी ती वाचली आणि खाली बसले. कवळी बसणार, खात्री होणार, वस्तू एकशे नव्याण्णव उरणार. शिवाय दुष्काळाबद्दल सरकारी माणसाला थाप मारल्याचं उघड होणार ते वेगळंच.

इकडे बाईंनी जिल्ह्यात कौतुक केल्यामुळे लोक कवळी बघायला येऊ लागले. चौदा वर्षांत जेवढे लोक जिना चढले नव्हते तेवढे पंधरा दिवसांत चढले. सासरेबुवा सकाळपासून पेटीशेजारी स्टूल टाकून बसत. राखण करतो म्हणत, आणि ते खरंही होतं. पण तिथे बसलं की लोकांचं ऐकूनही घ्यावं लागे. कुणी म्हणे, "घोड्याची असेल." कुणी म्हणे, "केवढं तोंड असेल हो त्याचं." एका बाईनं तर पेटीकडे बघून पदर नाकाला लावला. सासरेबुवा ओठ आत ओढून बसून राहत. दुसरं काही ओढायला नव्हतंच.

एक दिवस शाळेचा वर्ग आला. मुलं पेटीभोवती दाटली, आणि एका मुलीनं विचारलं, "हा माणूस कसा होता?"

भाऊंना थाप मारायची सवय नव्हती. पहिली थाप सुचली ती घाबरून. आता डोकं चालेना, म्हणून मनात होतं तेच बोलले.

"चिडका होता," ते म्हणाले. "फार चिडका. पण सरळ. भीक मागितली नाही, लाच घेतली नाही, कुणाच्या दारात पाणीसुद्धा घेतलं नाही. लोक त्याला घाबरायचे, कारण तो खोटं बोलायचा नाही. त्याला एकच मुलगी होती. ती त्याने एका कुचकामी माणसाला दिली."

"मग?"

"मग काय. मनातून त्याला ते कधी पटलं नाही. पण मुलगी एकदाही परत नेली नाही, आणि त्या कुचकामी माणसाला तिच्यासमोर कधी कमी लेखलं नाही. म्हणजे, मीठ मागण्यापुरतं सोडून."

मुलांना हे उंदरांपेक्षा कंटाळवाणं वाटलं आणि ती कुलूप-किल्लीकडे पळाली. भाऊ वळले तर स्टुलावर सासरेबुवा. ते तिथे आहेत हे बोलण्याच्या भरात भाऊ विसरूनच गेले होते. सासरेबुवांनी काही म्हटलं नाही, गाढवसुद्धा नाही. घरी जाऊन पुढ्यातलं पातळ मुकाट्यानं प्यायले आणि वाटी मुलीपुढे दुसऱ्यांदा धरली.

पण टपालात पडलेला कागद माघारी येत नाही. तपासनीसबाईंचं पत्र आलं: गुरुवारी चार वाजता अर्जाची शहानिशा होईल. गुरुवारी दीड वाजताच भाऊंनी दोन्ही विटा कागदात गुंडाळून खोक्यात ठेवल्या. गोदामात त्या निदान जोडीनं तरी राहाव्यात असं त्यांना वाटलं. त्यांना अतिशय वाईट वाटत होतं. पण तीन आठवडे म्हाताऱ्या माणसाला उपाशीतापाशी ठेवल्याची टोचणी त्याहून मोठी होती, आणि आता ती संपणार म्हणून थोडं हलकंही वाटत होतं.

"बाबा," ते म्हणाले, "बाई आल्या की मी खरं सांगून टाकतो. तुम्हाला काही बोलावं लागणार नाही. आज घरी दातांनी जेवा."

सासरेबुवांनी विटांच्या खोक्याकडे पाहिलं. तेवढ्यात जिना करकरला. दोन वाजले होते.

बाईंच्या हातात ती तीन पानं होती आणि चेहरा कठोर होता. भाऊ पुढे होऊन म्हणाले, "बाई, मला सांगायचंय..."

"तुमचं नंतर. आधी अर्जदार." त्यांनी सील तोडलं, झाकण उघडलं आणि कवळी रुमालावर घेऊन सासरेबुवांपुढे धरली. "तुम्हीच लिहिलंय, बसवून खात्री करावी. बसवा."

सासरेबुवांनी कवळी तोंडात घातली. टक् असा आवाज आला. बसलेले गाल वर आले, हनुवटी जागेवर गेली, आणि तीन आठवड्यांनी तो दरारा वाटणारा चेहरा पुन्हा खोलीत उभा राहिला. आंधळ्यालाही कळलं असतं, की हे दात या तोंडासाठीच घडवले होते.

"सदर कवळी," सासरेबुवा म्हणाले, आणि प्रत्येक द आणि स खणखणीत वाजला, "माझी नाही, बाईसाहेब. सैल होते."

भाऊंचा विश्वासच बसेना.

"सैल?" बाई म्हणाल्या.

"डगडग करते. मी अर्ज केला तो चुकीने. माझी कवळी वेगळी होती. ती मी हरवली. कुठे ते आठवत नाही. या गृहस्थांचा त्यात काही दोष नाही." त्यांनी मानेनं भाऊंकडे दाखवलं. "घ्या लिहून. सही करतो."

बाईंनी लिहिलं. सासरेबुवांनी ते दोनदा वाचलं, कारण न वाचता सही करणाऱ्यांतले ते नव्हते. पेन हातात धरून क्षणभर थांबले. मग सही केली, खाली तारीख घातली, आणि कवळी काढायला तोंडात बोटं घातली.

ती निघेना. सैल असलेली कवळी तीन आठवड्यांनी घरी परतली होती आणि पुन्हा बाहेर पडायला राजी नव्हती. त्यांनी एका हातानं ओढलं, मग दोन्ही हातांनी. चेहरा लाल झाला. बाई छताच्या पंख्याकडे बघू लागल्या; त्या पंख्यात बघण्यासारखं काहीही नव्हतं. शेवटी भाऊंनी मागून जाऊन सासऱ्यांचं डोकं घट्ट धरलं, त्यांनी पुढून जोर केला, आणि फट् आवाजासरशी दोघं न्हाव्याच्या खुर्चीत कोसळले.

"सैलच दिसते," बाई म्हणाल्या, आणि तसं कागदावर लिहून टाकलं.

सासरेबुवा उठले. कवळी धोतराच्या सोग्याला पुसून त्यांनी स्वतः पेटीत ठेवली, पाटीकडे तोंड करून, नीट मधोमध. झाकण लावलं. बाईंनी दोरा बांधला, काडी पेटवली. पण आज त्यांचं लक्ष सासरेबुवांकडे होतं आणि लाख भलतीकडेच ठिबकली. सासरेबुवांनी थोडा वेळ ते पाहिलं आणि हात पुढे केला.

"मी मारू?"

बाईंनी काडी आणि मोहोर त्यांच्या हातात दिली. लाख गाठीवर बरोबर पडली, मोहोर सरळ उमटली, किंचितही फराटा नाही. लाख घट्ट होईपर्यंत ते पेटीवर हात ठेवून उभे राहिले. भाऊंना रडू आवरेना. "बाबा," एवढंच ते कसंबसं म्हणाले.

"गप," सासरेबुवा म्हणाले. जिन्यावर पावलं वाजत होती. "पाहुणे आले. डोळे पूश."